गिनीपिगसाठी पेलेट्स कुठले निवडावेत? आणि गवत न खाणाऱ्या दोघींचं काय करू?

शेवंती
माझ्याकडे दोन गिनीपिग आहेत, दोन्ही माद्या. ठिपकी दीड वर्षाची, बुटकी चार महिन्यांची. आतापर्यंत मी दुकानातून तयार मिश्र खाद्य आणत होते. त्यात हिरवे दाणे, लाल-पिवळे तुकडे, मका, सूर्यफुलाच्या बिया, सुकवलेली फळं असं सगळं एकत्र असतं. वाटी भरून ठेवायची, रिकामी दिसली की परत भरायची. दोघी आधी बिया आणि रंगीत तुकडे वेचून खातात, हिरवे दाणे तळाशी तसेच राहतात. सुकं गवत पिंजऱ्यात चोवीस तास असतं, पण ठिपकी त्यावर बसते आणि बुटकी त्यात झोपते. खात कुणीच नाही.
गेल्या आठवड्यापासून ठिपकीच्या लेंड्या बारीक आणि टोकदार पडताहेत. वजन आज पहिल्यांदाच केलं, ८४० ग्रॅम भरलं. ते कमी की जास्त तेही मला कळत नाही. मला चांगले पेलेट्स, म्हणजे दाबून बनवलेले खाद्याचे दाणे, निवडायचे आहेत. काय बघून निवडू, किती देऊ, आणि दोघींना एकच चालतील का?

खारूताई
ठिपकी आणि बुटकीचे फोटो टाका आधी!

कुरणवाला
शेवंती, पेलेट्सकडे नंतर येऊ. गिनीपिगच्या पोटात जे जातं त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त सुकं गवत असायला हवं. पेलेट्स हे तोंडीलावणं आहे, जेवण नव्हे. आपण मात्र दुकानात जाऊन तोंडीलावण्याची पिशवी निवडत बसतो आणि गवताचा गठ्ठा जाता जाता उचलतो. माझ्याकडे अकरा वर्षांपासून गिनीपिग आहेत आणि सुरुवातीला मीही हेच केलं.
तुमच्या दोघी गवत खात नाहीत याचं कारण ती भरलेली वाटी. समोर बिया असताना काडी कोण चावेल? वाटी उचला. भूक लागली की खातील गवत.
पेलेट्स निवडताना एकच खूण लक्षात ठेवा. पिशवीतले सगळे दाणे एकसारखे, कंटाळवाण्या हिरवट-तपकिरी रंगाचे दिसले पाहिजेत. वेचण्यासारखं काही असेल तर प्राणी वेचणारच.

अनुभवी_काका
जरा वेगळं मत मांडतो. आमच्याकडे एक गिनीपिग होता, तो असंच मिश्र खाद्य खाऊन सहा वर्षं ठणठणीत जगला. त्याला दाताचा त्रास नव्हता की पोटाचा. हल्ली प्रत्येक गोष्टीचा फार बाऊ होतो असं मला मनापासून वाटतं. प्राण्याला काय हवं ते प्राण्याला कळतं.

मोरपीस
काका, तो दिवसभर पिंजऱ्यातच असायचा का?

अनुभवी_काका
छे. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास अंगणातल्या गवतावर सोडायचो. त्याचा नेमच होता तो.

मोरपीस
मग सहा वर्षं त्याला त्या अंगणाने जगवलं, काका. वाटीने नाही.

पंजा
मी प्राण्यांची डॉक्टर आहे, ससे आणि गिनीपिग बरेच बघते. अंगणाबद्दल मोरपीस यांच्याशी सहमत. गवत एवढं महत्त्वाचं का, ते सांगते.
गिनीपिगला २० दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. आपल्याला पुढचे चार दिसतात, पण खरी चक्की मागे दाढांची. गवताची लांब काडी दळताना खालचा जबडा बराच वेळ घासत राहतो आणि दाढा झिजतात. पेलेट कितीही उत्तम असला तरी तो दाबला की फुटतो, दोन मिनिटांत संपतो. दाढा पुरेशा झिजल्या नाहीत तर त्यांना टोकं येतात, आणि खालच्या दाढा आत झुकत जिभेवर कमानीसारख्या वाढतात. मग प्राणी अन्नापाशी येतो, हुंगतो, एखादा घास उचलतो आणि टाकून देतो. घरच्यांना वाटतं नखरे करतोय.
दुसरं कारण आतड्याचं. तंतू सतत आत गेले तरच त्यांचं आतडं हलतं राहतं. ते थांबलं की वायू धरतो, आणि या प्राण्याला उलटी करता येत नाही.
म्हणून कुरणवाला, तुमच्या एका वाक्याला माझा स्पष्ट विरोध आहे. वाटी एकदम उचलू नका. गिनीपिग लहानपणी जे खातो त्यालाच अन्न समजतो. अनोळखी वस्तू समोर ठेवून तो खरोखर उपाशी राहतो. कुत्र्यासारखं ‘भूक लागली की खाईल’ इथे चालत नाही. जुनं खाद्य दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करत नवीन वाढवा. आणि शेवंती, बारीक टोकदार लेंड्या आहेत, तर ठिपकीचे दात एकदा तपासून घ्या.

सशाची_आजी
माझ्या नातीने गिनीपिग आणलाय. घरी आधीपासून ससा आहे, त्याचे पेलेट्स चांगल्या प्रतीचे आहेत. तेच दोघांना दिले तर चालतील ना? दोघंही गवतच खातात.

कुरणवाला
नाही आजी. ससा क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घालत नाहीत. गिनीपिगला ते बनवता येत नाही. गवताचा गठ्ठा दोघांना एकच चालेल, पेलेट्स मात्र वेगळे.

पंजा
शिवाय सशांच्या काही खाद्यांत औषध मिसळलेलं असतं, तेही गिनीपिगला नको. त्यांचं पोट औषधांच्या बाबतीत फार नाजूक आहे. पेनिसिलिन गटातली साधी औषधं तोंडावाटे दिली तर त्यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि प्राणीही दगावू शकतो. घरातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.

प्रयोगवही
क जीवनसत्त्वाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर, पण धाग्याला धरून.
१९०७ साली नॉर्वेमध्ये अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख हे दोघं बेरीबेरीचा (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा) अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं. बेरीबेरी काही झाला नाही. झाला तो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. सांधे सुजले, हिरड्यांतून रक्त आलं. ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला की रोग टळायचा. उंदीर निवडले असते तर त्यांना हे दिसलंच नसतं, कारण उंदीर क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. माणूस, माकडांचे बरेच प्रकार आणि गिनीपिग यांच्या शरीरात ते बनवण्याची शेवटची पायरी चालवणारं विकर (एन्झाइम) नाही.
खलाशांना शतकानुशतकं मारणाऱ्या रोगाचा उलगडा या एवढ्याशा जिवाच्या मदतीने झाला, आणि त्याच जिवाला आपण आज मका आणि बियांची वाटी भरून देतो. वाचल्यापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

खारूताई
अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

मेघनाद
प्रयोगवही, तुम्ही लिहिलंय ते मी घरी बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.
माझा गवळ्या तीन वर्षांचा होता. पेलेट्स अगदी नावाजलेले, पिशवीवर ‘क जीवनसत्त्वयुक्त’ लिहिलेले. मी भली मोठी पिशवी आणली, तोंड सैल बांधून खिडकीपाशी ठेवली, आणि ती आठ महिने पुरवली. भाजी म्हणून रोज काकडी, कारण ती त्याला आवडायची. हळूहळू तो कमी हिंडायला लागला. मग मागचा एक पाय ओढायला लागला. उचलला की किंचाळायचा. मला वाटलं कुठूनतरी पडला असेल.
डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले, सुजलेले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पेलेट्स कधीचे आहेत?’ क जीवनसत्त्व हवा, ऊन आणि दमट जागेने उडून जातं. साधे पेलेट्स असतील तर तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत त्यातलं जवळपास अर्धं संपतं. माझी पिशवी आणली तेव्हाच दोन महिन्यांची होती. गवळ्याच्या पोटात नुसता भुसा जात होता आणि पिशवीवरचं अक्षर वाचून मी निश्चिंत होतो.
रोज क जीवनसत्त्वाचा डोस सुरू केला. पाचव्या दिवशी तो स्वतःहून वाटीपाशी चालत आला. बायको आणि मी दोघं रडलो.
तेव्हापासून पिशवी लहान आणतो, तयार केल्याची तारीख बघतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवतो. डब्यावर तारीख लिहून चिकटवतो.

मोरपीस
मेघनाद, वाचताना घसा दाटून आला. गवळ्या आता कसा आहे?
पाण्यात टाकायचे क जीवनसत्त्वाचे थेंब मिळतात ना? ते सोपं नाही का पडत?

मेघनाद
गवळ्या आता पाच वर्षांचा आहे, मजेत आहे. थेंब मी वापरून बघितले. पाण्यात ते काही तासांतच निकामी व्हायला लागतात, आणि चव बदलल्यामुळे गवळ्या पाणीच कमी प्यायला लागला. म्हणजे जीवनसत्त्वही नाही आणि पाणीही नाही. त्यापेक्षा ढोबळी मिरची!

पंजा
मेघनाद यांचं बरोबर आहे. निरोगी मोठ्या गिनीपिगला रोज प्रत्येक किलो वजनामागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. गाभण किंवा आजारी असेल तर वरच्या टोकाला. लाल ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, हिरवीत ऐंशीच्या आसपास. काकडीत तीनच्या आत. म्हणजे ठिपकीच्या वजनाला लाल मिरचीचा १५-२० ग्रॅमचा, दोन बोटांएवढा तुकडा पुरतो, आणि काकडीने ते भागवायचं तर अर्धा किलोहून जास्त काकडी लागेल. काकडी पाण्यासाठी द्या, क जीवनसत्त्वासाठी नको. मिरचीसोबत मूठभर कोथिंबीर, लेट्यूसची पानं, असं बदलून बदलून. गाजर आणि फळं गोड, ती आठवड्यातून एकदोनदा छोटा तुकडा. पालक कधीतरीच. बटाटा, कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, दूध, शिजवलेलं अन्न अजिबात नाही.

बाळबोध
एक शंका. लसूण द्यायचा नाही म्हणता, मग लसूणघासाचे पेलेट्स कसे मिळतात? मी ते बघून परत ठेवून आलो!

कुरणवाला
बाळबोध, छान प्रश्न. लसूणघासात लसूण नसतो, नावापुरताच. इंग्रजीत अल्फाल्फा म्हणतात तोच हा, डाळवर्गातला चारा. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, म्हणून वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला तो योग्य. सहा महिन्यांनंतर मात्र टिमोथी किंवा ऑर्चर्ड गवताचे पेलेट्स हवेत.

नीलपंख
कॅल्शियमवर जोर द्या. माझ्या सोनीला साडेतीन वर्षांची असताना मूतखडा झाला. लघवी करताना कण्हायची, खाली गुलाबी डाग दिसायचे. शस्त्रक्रिया करावी लागली. गिनीपिगच्या शरीरात जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकलं जातं, आणि त्यांचे खडे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. खडा फक्त खाण्यानेच होतो असं नाही, पाणी कमी पिणं आणि लठ्ठपणाही असतो, पण मी तिला मोठी झाल्यावरही लसूणघासच देत होते हे खरं. ते चाटायचे खनिजाचे खडेही पिंजऱ्याला टांगू नका, त्यांची काहीच गरज नसते.

शेवंती
सगळ्यांचे प्रतिसाद वाचत होते. पण आता घाबरून लिहितेय. परवा मी वाटी उचलली होती. पंजाताईंचा प्रतिसाद नंतर वाचला आणि काल सकाळी परत ठेवली. बुटकीने लगेच खाल्लं. ठिपकीने मात्र काल संध्याकाळपासून काहीही खाल्लेलं नाही. बिया हुंगते, तोंडात घेते आणि टाकते. हनुवटी ओली दिसते. कोपऱ्यात फुगून बसली आहे. रात्रभरात लेंड्या जेमतेम चार. उद्यापर्यंत वाट बघू का?

पंजा
वाट बघू नका. धागा बंद करा आणि आत्ता निघा. बारा तास न खाणं हीच त्यांच्यासाठी तातडी असते. ओली हनुवटी म्हणजे लाळ, बहुतेक दात. डॉक्टरांना दाढा आतपर्यंत बघायला सांगा. बुटकीलाही सोबत न्या, ठिपकीला धीर राहील.

मेघनाद
शेवंती, पोचलात की कळवा.

कुरणवाला
शेवंती, वाटी उचला हे मी सांगितलं होतं. माझ्या गिनीपिगना जन्मापासून गवताची सवय होती, म्हणून माझ्याकडे ते चाललं, आणि मी सगळ्यांना तोच नियम लावला. चूक माझी आहे. मनापासून माफी मागतो. काय झालं ते कृपया लिहा.

शेवंती
घरी आलो. ठिपकीच्या खालच्या दोन दाढांना टोकं आली होती आणि जिभेच्या कडेला जखम होती. भूल देऊन टोकं घासली. पोटात वायू होता, त्याचं आणि दुखण्याचं औषध दिलंय. दर तीन तासांनी तंतुमय पावडर पाण्यात कालवून सुईशिवायच्या सिरिंजने गालाच्या बाजूने भरवायची आहे.
कुरणवाला, माफी नको. डॉक्टर म्हणाले हे एका दिवसाचं नाही, कित्येक महिने साठलेलं आहे. वाटी उचलल्यामुळे फक्त लवकर समोर आलं. मला एकाच गोष्टीचं फार वाईट वाटतंय. ती गवतावर बसते, खात नाही, असं मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचे. तिला चावताना दुखत होतं.

मोरपीस
शेवंती, तुम्ही विचारलंत म्हणून ती वाचली. आता भरवणं चुकवू नका. भरवताना तिला टॉवेलात गुंडाळा, आणि प्रत्येक थेंबानंतर चावू द्या, घाई नको.

कुरणवाला
ती बरी होईपर्यंत गवताची तयारी करून ठेवा. गठ्ठा नाकाशी धरून बघा. गोडसर वास आणि हिरवा रंग हवा. पिवळं, धुळकट, कुबट असेल तर तुम्हीही खाणार नाही. एकदा भरून ठेवण्यापेक्षा दिवसातून चार वेळा ताजी मूठ टाका. नवीन मूठ पडली की त्या धावत येतात. कागदी पिशवीत ठासा, मध्ये कोथिंबिरीच्या काड्या खोचा. त्या जिथे लेंड्या टाकतात तिथेच गवताची जाळी लावा, त्या एकाच वेळी दोन्ही कामं करतात.
पिशवीच्या मागे बघायचं ते असं. घटकांमध्ये पहिलं नाव गवताचं हवं, मका-गहू-सोया नाही, कारण नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. तंतू किमान २० टक्के, पंचवीसच्या पुढे असले तर फारच छान. प्रथिनं १४ ते १६, कॅल्शियम अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बिया, मध, सुकामेवा नको. मोठ्या गिनीपिगला रोज दोन मोठे चमचे, मापाच्या कपाचा आठवा भाग. संपले तर संपले, परत भरायचं नाही.

पंजा
बुटकीला सहा महिन्यांची होईपर्यंत लसूणघासाचे पेलेट्स, ठिपकीला टिमोथीचे. दोघींना वीस मिनिटं वेगवेगळं बसवून द्या. आणि दर आठवड्याला एकाच वेळी, त्याच काट्यावर वजन. मोठ्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं, पण आकड्यापेक्षा उतार बघायचा. ५० ग्रॅम उतरलं तर लक्ष ठेवा, त्याहून जास्त उतरलं तर डॉक्टर.

अनुभवी_काका
मी परत वाचून काढलं सगळं. मोरपीस, तुम्ही म्हणालात ते पटलं. पोराकडे नवीन जोडी आली आहे आणि ते वरच्या मजल्यावर राहतात, अंगण नाही. त्याला हा धागा पाठवला. शेवंती, ठिपकीची खुशाली कळवत राहा.

शेवंती
चार आठवडे झाले, म्हणून लिहायला आले. ठिपकी त्या दिवशी ७७० ग्रॅमवर आली होती. पुढे ७८२, ७९५, ८०८, आणि आज सकाळी ८२३. दहाव्या दिवशी तिने पहिली काडी ओढली. मी श्वास रोखून बसले होते. काडी तोंडाच्या एका कोपऱ्यातून आत जात जात पूर्ण नाहीशी झाली. आता लेंड्या टपोऱ्या, एकसारख्या आहेत. जुनं मिश्र खाद्य कालपासून पूर्ण बंद. पेलेट्सच्या डब्यावर तयार केल्याची तारीख लिहून लावली आहे, मेघनाद यांच्यासारखी. लाल मिरचीचा तुकडा दिसला की दोघी पिंजरा दणाणून सोडतात.

खारूताई
आणि बुटकी?

शेवंती
बुटकी ६१० ग्रॅम. ती अजूनही गवतातच झोपते, पण उठली की आधी उशाकडचं संपवते.